तट नसलेली वेस

गावाकडच्या माणसाला वेस कशासाठी असते हे शिकवावं लागत नाही. नवरदेव आला की वेशीपाशी थांबतो, मुलीकडची मंडळी तिथं जाऊन सीमांतपूजन करतात, मगच तो आत येतो. दसऱ्याला सोनं लुटायला वेशीबाहेर जायचं. पालखी वेशीत आली की आरतीचं ताट घेऊन सामोरं जायचं. सासरी निघालेल्या लेकीला वेशीपर्यंत पोचवायचं, आणि माणूस गेला की त्यालाही तिथूनच बाहेर न्यायचं. एकाच कमानीखालून सगळं येणं आणि सगळं जाणं. वेस कोणत्या पाटलानं बांधली हे कुणाला आठवत नाही. कोण आलं आणि कोण गेलं, ते मात्र पिढ्यान् पिढ्या आठवतं.

पणदऱ्याच्या आमच्या शाळेची सातवीची सहल मुंबईला गेली तेव्हा हे शहाणपण आमच्याकडे होतंच. रात्री एसटी निघाली. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, कागदात बांधलेलं मीठ-कांदा. बारामती, पुणे, खंडाळ्याचा घाट, आणि सकाळी एकदम समुद्र. समुद्राच्या काठावर ती पिवळसर दगडाची प्रचंड कमान. आम्ही बराच वेळ माना वर करून बघत होतो. मग आमच्यातल्या एकानं विचारलं, ‘‘गुरुजी, वेस हाय, पर तट कुठाय?’’

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘तट पडला की रे सत्तेचाळीस साली.’’

इतिहासाच्या पेपरात हे उत्तर चुकीचंच ठरलं असतं. गेटवे ऑफ इंडियाला तट कधीच नव्हता. पण या कमानीची खरी हकीकत जसजशी कळत गेली तसतसं वाटू लागलं, की गुरुजींनी अख्खा धडा एका वाक्यात उरकला होता.

पुठ्ठ्याची कमान

२ डिसेंबर १९११ रोजी ‘मदिना’ हे जहाज मुंबईच्या बंदरात आलं. त्यातून राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. याआधी राजपुत्र येऊन गेले होते, खुद्द जॉर्जही १९०५ साली युवराज म्हणून आला होता. पण गादीवर असताना हिंदुस्थानच्या मातीवर पाय ठेवणारा हा पहिलाच ब्रिटिश राजा. पुढं दहा दिवसांनी दिल्लीत दरबार भरायचा होता. त्या दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याचं आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याचं जाहीर व्हायचं होतं. एवढ्या मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला बंदरावर जी कमान उभी होती ती होती पुठ्ठ्याची. आपल्याकडं लग्नात मांडवाच्या दारी थर्माकोलचा महाल उभा करतात ना, त्याच जातीची. पाहुणे आले, दरबार झाला, शिकार झाली आणि १० जानेवारी १९१२ रोजी याच बंदरातून राजा-राणी परत गेले. कमान उतरवून ठेवली गेली.

मग सरकारला वाटलं, या घटनेची दगडातली आठवण हवी.

जागा तीच, अपोलो बंदर. नावात ग्रीक देव असला तरी त्याचा इथं काही संबंध नाही. पालव किंवा पालवा हे इथलं जुनं नाव, साहेबाच्या जिभेवर त्याचा अपोलो झाला असं मानतात. कोळ्यांच्या होड्या लागायच्या असा तो धक्का, जवळच जमशेटजी टाटांचं ताजमहाल हॉटेल १९०३ पासून उभं. म्हणजे ज्या वास्तूला आपण ताजच्या पुढ्यातलं गेटवे म्हणतो, ती ताजपेक्षा वीस-एकवीस वर्षांनी धाकटी आहे.

३१ मार्च १९१३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्यांची कारकीर्द तेव्हा संपत आली होती. कोनशिला बसली खरी, पण तिच्यावर नेमकं काय उभं राहणार त्याचा नकाशा अजून मंजूर व्हायचा होता. सरकारी कामाचा हा शिरस्ता आजच्या माणसालाही ओळखीचा वाटेल.

साहेब शिल्पकाराचा देशी पोशाख

नकाशा काढला जॉर्ज विटेट यांनी. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथॉलचा १८७८ सालचा जन्म. १९०४ मध्ये ते हिंदुस्थानात आले ते जॉन बेग या वास्तुविशारदाचे साहाय्यक म्हणून, आणि पुढं मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद झाले. त्यांच्या हातून मुंबईत बरंच काही उभं राहिलं. त्यातली मोठी वास्तू म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याच्या घुमटात विजापूरच्या गोल घुमटाची सावली दिसते.

त्याआधीच्या पिढीतले साहेब मुंबईत विलायती गॉथिक बांधत होते. बोरीबंदरचं स्टेशन हा त्याचा कळस. विटेट यांच्या काळापर्यंत वारं बदललं होतं. इमारत सरकारची असली तरी ती इथलीच वाटावी, निदान तिचा पोशाख तरी इथला असावा, असा विचार जोर धरत होता. त्यामागं कलेचं प्रेम होतं तसा राज्यकर्त्याचा हिशेबही होता. परक्यानं देशी अंगरखा घातला की तो थोडा कमी परका वाटतो.

गेटवेच्या कल्पनेचं मूळ रोममध्ये आहे. लढाई जिंकून आलेल्या सेनापतीसाठी रोमन लोक विजयकमान उभारत. पण विटेट यांनी त्या कमानीवर अंगरखा चढवला सोळाव्या शतकातल्या गुजरातचा, अहमदाबादच्या मशिदींत जशा टोकदार कमानी, जाळ्या आणि बारीक कोरीवकाम दिसतं तसा. मधली मोठी कमान, दोन्ही बाजूंना लहान कमानी, कोपऱ्यांवर चार मनोरे. मधल्या दालनावर सुमारे ४८ फूट व्यासाचा घुमट, जमिनीपासून सुमारे ८३ फूट उंचीवर. बाहेरून तो नजरेत भरत नाही, खाली उभं राहून मान मागं टाकली तरच त्याचा अंदाज येतो. दोन्ही बाजूंची दालनं एवढी मोठी, की प्रत्येकात सहाशे माणसं मावावीत. समारंभाला जमणाऱ्या मानकऱ्यांची ती सोय होती. कमानीपलीकडं पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, म्हणजे पाहुण्यानं बोटीतून उतरावं आणि चढून वर यावं.

दगड मालाडजवळच्या खारोडीच्या खाणीतला. दख्खनचा बसाल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काळा कातळ येतो, विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो. हा मात्र पिवळसर, मधाळ रंगाचा. सकाळी समुद्राकडून ऊन आलं की उजळतो, पावसाळ्यात भिजला की गडद होतो. खिडक्यांच्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आल्या. आणि या सगळ्या जुन्या थाटाच्या आत त्या काळी नवलाईचं असलेलं सळई-काँक्रीट आहे. म्हणजे कल्पना रोमची, नक्षी गुजरातची, जाळी ग्वाल्हेरची, दगड मालाडचा, शिल्पकार स्कॉटलंडचा. बहुतेक प्रेक्षक हे काही न जाणता जाळीला हात लावून बघतात. मीही लावला होता. उन्हात दगड तापला होता, पण जाळीच्या भोकांतून समुद्राचा गार वारा बोटांना लागत होता.

पाया घालेपर्यंत

ऑगस्ट १९१४ मध्ये नकाशाला अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच महिन्यात इंग्लंड महायुद्धात उतरलं. बांधकाम रेंगाळलं. शिवाय उभं राहायला जमीनच हवी होती. १९१५ ते १९१९ या काळात अपोलो बंदराशी समुद्र मागं हटवून भराव घातला गेला, नवी भिंत बांधली गेली. १९२० मध्ये पाया पूर्ण झाला.

कमान पुरी होण्याआधीच तिच्या जागी दोन गोष्टी घडून गेल्या. ९ जानेवारी १९१५ रोजी ‘अरेबिया’ बोटीनं आलेलं एक जोडपं अपोलो बंदरावर उतरलं. एरवी बड्या लोकांसाठी राखलेल्या या बंदरावर उतरण्याचा मान त्यांना मुद्दाम देण्यात आला होता. त्या गृहस्थानं काठियावाडी पोशाख केला होता. मोहनदास आणि कस्तुरबा गांधी दक्षिण आफ्रिकेहून कायमचे परतले होते. राजासाठी आखलेल्या वेशीतून पहिला मोठा पाहुणा आला तो हा, आणि वेशीचा तेव्हा एक दगडही वर आलेला नव्हता.

दुसरी गोष्ट १७ नोव्हेंबर १९२१ ची. युवराज एडवर्ड मुंबईत उतरला तेव्हा कमान अर्धवटच होती. काँग्रेसनं बहिष्कार पुकारला होता, त्याच दिवशी गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. शहरात दंगल उसळली, अनेक दिवस चालली, माणसं मेली. गांधीजींनी उपोषण केलं. युवराजाच्या स्वागताची ही तऱ्हा.

युद्धाच्या त्या वर्षांत दख्खनच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी कुटच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. त्यांतले कित्येक जण परतलेच नाहीत. आणि ज्या ‘मदिना’ जहाजातून राजा आला होता ते १९१७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं बुडवलं. ज्या प्रवासाची आठवण म्हणून कमान बांधायची, त्या प्रवासाचं जहाज कमानीच्या आधीच समुद्रतळाशी गेलं.

त्याच सरकारचं दुसरं बांधकाम

इथं मला आमच्या गावाकडं वळावंच लागतं. कारण ज्या सरकारनं मुंबईत ही वेस बांधली त्याच सरकारचं दगडकाम पणदऱ्याच्या शिवारातून जातं.

१८७६-७७ च्या दुष्काळानं या पट्ट्याची दैना केली. नीरा डावा कालवा हे त्या दुष्काळाचं लेकरू. वेळवंडी नदीवर भाटघरला धरण, खाली वीरजवळ नीरेवर बंधारा, आणि तिथून पुरंदर, आजची बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा पाट. १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागलं. गेटवेचा पाया भरला जात होता त्याच सुमारास भाटघरला जुन्या धरणाच्या जागी बरंच मोठं धरण उभं राहत होतं. १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या जॉर्ज लॉइड यांचं नाव त्याला दिलं गेलं, लॉइड धरण. विसाव्या शतकाचं तिसरं दशक संपता संपता ते पुरं झालं.

हा काही सरकारचा धर्मादाय नव्हता. पाणीपट्टी वसूल होत होती, दुष्काळी खर्च वाचत होता. पण पाण्यानं मुलूख बदलला. ऊस आला, गुऱ्हाळं आली, नीरेच्या गुळाचं नाव झालं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, स्वातंत्र्यानंतर शेजारी माळेगावला सहकारी साखर कारखाना आला. आजही आमच्याकडं म्हातारी माणसं अमक्याचा ‘ब्लॉक’ तमक्याचा ‘ब्लॉक’ असं बोलतात. दख्खनच्या कालव्यांवर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांनी घालून दिली, तो शब्द असा आमच्या बोलण्यात मुरला, की तो इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्या माणसाला पाण्याशी मतलब, धरणाच्या नावाशी नाही. लॉइड हे नाव आज कुणाच्या तोंडी नाही. धरण भाटघर, आणि जलाशय येसाजी कंकांच्या नावाचा.

हे आठवतं ते गेटवेच्या एका खोडीमुळं. कमानीसमोर उभं राहून पाहा, रस्ता तिच्या नेमका समोर येत नाही, तिरका येतो. कमानीच्या मधोमध थेट शहरात जाणारा एक भव्य रस्ता योजला होता. पण कमानीवरच सुमारे २१ लाख रुपये खर्च झाले आणि रस्त्यासाठी पैसा उरला नाही. त्यामुळं वेस एकीकडं बघते आणि वाट दुसरीकडून येते. त्याच सरकारचं पाणी मात्र आमच्या शिवारापर्यंत पोचलं.

आले किती, गेले किती

४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते गेटवेचं उद्घाटन झालं. राजा-राणीच्या पदार्पणाला तेरा वर्षं उलटून गेली होती. विटेट यांना ही वास्तू पुरी झालेली बघायला मिळाली, पण दोनच वर्षांत, १९२६ मध्ये, मुंबईतच आजारानं त्यांचं निधन झालं. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे ते पहिले अध्यक्ष होते. मुंबईचा चेहरा घडवणारा हा माणूस मुंबईच्याच मातीत राहिला.

आणि राजा? पाचवा जॉर्ज पुन्हा हिंदुस्थानात आला नाही. १९३६ मध्ये तो वारला. ज्याच्या येण्याची आठवण म्हणून ही कमान बांधली त्यानं ती पुरी झालेली कधी पाहिली नाही. नवे गव्हर्नर, नवे व्हाइसरॉय मात्र इथं उतरत राहिले, तोफांची सलामी घेत राहिले. बावीस-तेवीस वर्षं हा थाट चालला.

फेब्रुवारी १९४६. ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि वागणुकीविरुद्ध संप पुकारला. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर तो पसरला, ब्रिटिश निशाणं उतरली. खलाशांची रसद तोडण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा मुंबईची माणसं डबे, टोपल्या, फळं, पाव घेऊन गेटवेपाशी गेली आणि होड्यांमधून ते अन्न जहाजांवर पोचवलं गेलं. मला या कमानीच्या सगळ्या इतिहासातलं हे दृश्य सगळ्यात खरं वाटतं. राजाच्या पायांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून भाकरी खाली उतरत होती. संप काही दिवसांत मागं घेतला गेला, पण आपल्या गणवेशातल्या हिंदी माणसावर आता भरवसा ठेवता येणार नाही हे सत्तेला कळून चुकलं.

दोन वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन संचलन करत कमानीखालून गेली आणि बोटीत बसली. भारतातून जाणारी ही शेवटची ब्रिटिश पलटण. निरोपादाखल भारतीय सैन्यानं त्यांना गेटवेची चांदीची प्रतिकृती दिली. बॅंडवर ताटातुटीची धून वाजली. येण्यासाठी बांधलेली वेस लोकांच्या आठवणीत कायमची जाण्याची वेस झाली ती या दिवशी. आमच्या गुरुजींचा ‘तट’ पडला तो सत्तेचाळीसला, आणि त्याचा राहिलेला चिरा वेशीबाहेर निघाला तो अठ्ठेचाळीसला.

वेशीत कोण उभं

२६ जानेवारी १९६१ रोजी कमानीसमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. राजाचं नाव कोरलेल्या कमानीसमोर आता दुसरा राजा उभा राहिला. कमान कुणी पाडली नाही, अक्षरं कुणी खरवडली नाहीत. पाहुण्याची पाटी तशीच ठेवली आणि घराचा मालक अंगणात येऊन उभा राहिला. मला हे मोठं मराठमोळं वाटतं.

सरकारी कागदावर मात्र या वास्तूची गंमत आहे. अख्खा देश जिला राष्ट्रीय स्मारक मानतो, ते गेटवे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नाही. ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. खारा वारा, लाटांचा मार, दगडांच्या सांध्यांत रुजणारी झाडं, याची काळजी राज्यालाच घ्यावी लागते. आजूबाजूला जे घडलं त्याचीही ही कमान साक्षीदार आहे. २५ ऑगस्ट २००३ रोजी तिच्या समोरच बॉम्बस्फोट झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये समोरचा ताज तीन दिवस धुमसत होता, आणि दहशतवाद्यांशी लढणाऱ्यांना बळ द्यायला, मेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावायला लोक इथंच जमले.

एरवी रोजचा दिवस साधाच असतो. घारापुरीला जाणाऱ्या लाँचची तिकिटं, मांडव्याची बोट, चणे-कुरमुरे, फोटोवाले. अलिबागहून येणारा नोकरदार माणूस रोज या वेशीशेजारून मुंबईत शिरतो आणि संध्याकाळी परत जातो. एका वर्षात तो ही वेस जितक्या वेळा ओलांडतो तितक्या वेळा सगळे व्हाइसरॉय मिळूनही ओलांडून गेले नसतील.

आमच्या सहलीचा फोटो अशाच एका फोटोवाल्यानं काढला होता. त्यानं पैसे आधी घेतले आणि फोटो टपालानं शाळेत पाठवला. आम्हाला वाटलं होतं पैसे बुडाले, पण महिन्याभरानं पाकीट आलं. गुरुजींनी तो फोटो वर्गात फिरवला. कमानीचा वरचा भाग, जिथं राजा-राणीच्या पदार्पणाची तारीख कोरली आहे, तो फोटोत आलेलाच नाही. आमच्याच डोक्यांनी जागा व्यापली होती. तट कुठाय विचारणारा तो पोरगा पुढच्या रांगेत मधोमध बसला होता, एका बुटाची नाडी सुटलेली.